वारशाने आलेला कॅमेरा

वडिलांच्या मागे राहिलेल्या वस्तूंपैकी घड्याळ, चष्मा किंवा लेखणी यांचा उपयोग कोणास शिकावा लागत नाही. घड्याळास किल्ली दिली की ते चालते अथवा चालत नाही; निकाल तेथल्या तेथे लागतो. कॅमेऱ्याची गोष्ट निराळी आहे. कळ दाबली की खट्ट असा आवाज होतो, परंतु आत चित्र उमटले किंवा नाही हे त्या आवाजावरून समजत नाही. रोल संपावा लागतो, तो धुवावा लागतो आणि त्यानंतरच केलेले काम बरोबर होते की चूक हे कळते. ज्यांच्या हाती लहानपणापासून खिशातला फोनच आला, त्यांस ही प्रतीक्षा प्रथम विचित्र वाटते. फोनमधील कॅमेरा प्रकाश किती आहे हे स्वतः मोजतो, अंतर स्वतः ठरवितो आणि चूक झाल्यास ती स्वतःच झाकतो. जुना कॅमेरा यांतील काहीही करीत नाही. तो विकत घेणारा मनुष्य ही सर्व मोजमापे स्वतः करीत असे. आणि कॅमेऱ्याबरोबर खरे म्हणजे तेच कौशल्य वारशाने यावयास हवे. ते मात्र पेटीत सापडत नाही.

उदाहरणादाखल येथे रोलेकॉर्ड हा दोन भिंगांचा कॅमेरा घेतला आहे. जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथील फ्रांके आणि हायडेके यांच्या कारखान्याने १९२९ साली रोलेफ्लेक्स बाजारात आणला आणि १९३३ पासून त्याचाच कमी किमतीचा भाऊबंद म्हणून रोलेकॉर्ड बनविला. १९७० च्या दशकापर्यंत त्याच्या सुधारलेल्या आवृत्त्या निघत होत्या. भारतातील हौशी छायाचित्रकार आणि गावोगावचे स्टुडिओ या दोघांकडेही अशा धाटणीचे कॅमेरे होते. भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या होमाई व्यारावाला यांच्या हातीही रोलेफ्लेक्स असे. कॅमेरा दुसऱ्या बनावटीचा असला तरी पुढील विवेचनातील बराचसा भाग त्यासही लागू पडेल.

पाठ उघडण्यापूर्वी

कॅमेरा हाती येताच त्याची पाठ उघडून आत डोकावण्याचा मोह होतो. तो आवरावा. आत अर्धवट वापरलेला रोल असण्याचा संभव आहे, आणि त्या रोलवर वडिलांनी घेतलेली अखेरची चित्रे असू शकतात. ती कोणीही पाहिलेली नाहीत. किंबहुना ती अद्याप चित्रेच झालेली नाहीत.

हे विधान गूढ वाटेल, पण ते अक्षरशः खरे आहे. फिल्मवरील जिलेटिनच्या थरात सिल्व्हर ब्रोमाइडचे सूक्ष्म स्फटिक विखुरलेले असतात. क्षणभर प्रकाश पडला की स्फटिकात इलेक्ट्रॉन सुटे होतात, आणि ते ज्या ठिकाणी अडकतात तेथे चांदीचे काही अणू एकत्र येतात. गुर्नी आणि मॉट या शास्त्रज्ञांनी ही क्रिया १९३८ साली प्रथम समाधानकारक रीतीने स्पष्ट केली. चार-पाच अणूंचा पुंजका जमला तरी तो स्फटिक पुढे डेव्हलपरमध्ये काळा होण्यास पात्र ठरतो. एका स्फटिकात चांदीचे आयन मात्र अब्जाच्या घरात असतात. म्हणजे प्रकाशाने केवळ खूण केलेली असते आणि रसायन त्या खुणेचे अब्जावधी पटींनी वर्धन करते. मधल्या काळात फिल्मवर जे असते त्यास सुप्त प्रतिमा म्हणतात. कोणत्याही सूक्ष्मदर्शकातून पाहून ते चित्र ओळखता यावयाचे नाही.

सुप्त प्रतिमा किती काळ टिकते? याचे एक विलक्षण उदाहरण नोंदले गेले आहे. जुलै १८९७ मध्ये आंद्रे, स्ट्रिंडबेर्ग आणि फ्रेंकेल हे तीन स्वीडिश प्रवासी हायड्रोजनच्या फुग्यातून उत्तर ध्रुवाकडे निघाले. फुगा बर्फावर उतरला, त्यांनी अनेक आठवडे पायपीट केली आणि अखेर एका ओसाड बेटावर त्यांचा अंत झाला. त्यांचे अवशेष १९३० साली सापडले. बरोबर स्ट्रिंडबेर्ग याने टिपलेल्या फिल्मही होत्या. स्टॉकहोम येथे जॉन हेर्ट्सबेर्ग यांनी त्या अत्यंत काळजीपूर्वक धुतल्या, आणि सुमारे २४० चित्रांपैकी ९३ हाती आली. ३३ वर्षे बर्फात पडून राहिलेल्या फिल्मवर, कोसळलेल्या फुग्याशेजारी उभी असलेली माणसे दिसू लागली.

त्या फिल्म बर्फात होत्या, हे येथे विसरून चालणार नाही. आपल्याकडील कपाटात उन्हाळ्यात ४० अंश उष्णता आणि पावसाळ्यात दमट हवा असते. उष्णता आणि ओलावा यांनी चांदीचे ते इवलेसे पुंजके विस्कटतात. दुसरीकडे, प्रकाश न पडलेल्या स्फटिकांवरही आपोआप काळेपणा चढू लागतो. चित्र फिके होत जाते आणि पार्श्वभूमी धुरकट होत जाते. याचा अर्थ असा की, रोल आत असेल तर विलंबाची किंमत दरवर्षी वाढत असते. तरीही आशा सोडू नये. कित्येक दशके भारतीय हवेत राहिलेल्या रोलमधूनही ओळखू येण्याजोगे चेहरे मिळालेले आहेत.

रोल आहे की नाही हे पाठ न उघडता पाहता येते. रोलेकॉर्डच्या बाजूस चित्रांची संख्या दाखविणारी छोटी खिडकी असते. तीत १ ते १२ मधील एखादा आकडा असेल, आणि फिल्म पुढे सरकविण्याचा गोल फिरविताना कागद ओढला जात असल्याचा मऊ प्रतिकार जाणवत असेल, तर आत रोल आहे असे समजावे. उरलेल्या जागांवर नवी चित्रे घेण्याचा विचार मनात येईल. तो करू नये. जुन्या फिल्मची संवेदनक्षमता घटलेली असते आणि नव्या चित्रांच्या लोभाने जुनी धोक्यात घालण्यात शहाणपण नाही. गोल अगदी सावकाश फिरवीत सगळा कागद दुसऱ्या रिळावर जाऊ द्यावा. वाळून ठिसूळ झालेली फिल्म झटका बसल्यास तुटते. नंतर संपूर्ण अंधाऱ्या खोलीत रोल बाहेर काढावा, त्याची कड घट्ट धरून कागदी पट्टी चिकटवावी आणि काळ्या कागदात गुंडाळून, ओल लागणार नाही अशा डबीत घालून तो शीतकपाटात ठेवावा. खोलीत लाल दिवाही नको. लाल दिवा कागदावर चित्रे छापताना चालतो. फिल्म बहुधा लाल प्रकाशासही संवेदनशील असते.

आणि कोणी अजाणतेपणे पाठ उघडलीच तर? ती तत्काळ मिटावी. या जातीच्या रोलमध्ये फिल्मच्या पाठीस अपारदर्शक कागद असतो, आणि घेतलेली चित्रे त्या कागदासह घट्ट गुंडाळली गेलेली असतात. वरचे एक-दोन वेढे जातात. आतील बहुधा वाचतात.

यंत्राची परीक्षा

रोल सुखरूप काढून घेतल्यावर कॅमेरा निर्धास्तपणे उघडता येतो. प्रथम भिंग उजेडाकडे धरून आरपार पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी होय. कॅमेऱ्याची सुबक चामडी पेटी हेच बहुधा तिचे माहेरघर असते. चामडे ओल धरून ठेवते, आणि कोकणात, केरळात किंवा कलकत्त्यासारख्या शहरात चार पावसाळे त्या पेटीत काढलेल्या भिंगावर बुरशी न धरली तरच नवल. बुरशीतून पाझरणारी आम्ले काचेवरील लेप कुरतडतात. ती थोडी असेल तर चित्रांत विशेष फरक पडत नाही. फार असेल तर चित्र दुधाळ येते. ती साफ करण्यासाठी भिंग उतरवावे लागते आणि ते काम माहीतगार कारागिरावरच सोपविणे इष्ट. पेटी आठवण म्हणून अवश्य जपावी, पण कॅमेरा तीत ठेवू नये.

दोहोंपैकी वरचे भिंग केवळ पाहण्यासाठी असते. त्यातून आलेला प्रकाश तिरप्या आरशावर आपटून वरच्या घाशीव काचेवर पडतो आणि छायाचित्रकार मान लववून ते चित्र पाहतो. आरसा एकच असल्यामुळे चित्र सुलटे, परंतु डावे-उजवे उलटलेले दिसते. धावणारे मूल डावीकडे जात असेल तर काचेवर ते उजवीकडे जाते, आणि नवशिका कॅमेरा हटकून चुकीच्या दिशेने वळवितो. यावर सरावावाचून उपाय नाही. एक-दोन आठवड्यांत हात स्वतःच शिकतात. खालचे भिंग फिल्मवर चित्र पाडते. दोन्ही भिंगे एकाच पुढच्या फळीवर बसविलेली असून बाजूचे चाक फिरविले की ती बरोबरच पुढेमागे होतात.

ही हालचाल किती सूक्ष्म असते हे गणिताने पाहण्यासारखे आहे. भिंगाचे नाभीय अंतर ७५ मिलिमीटर. दूरच्या डोंगरासाठी भिंग फिल्मपासून ७५ मिलिमीटरवर हवे. १० मीटरवरील झाडासाठी ते जेमतेम अर्धा मिलिमीटर पुढे यावे लागते. एका मीटरवर बसलेल्या आजीच्या चेहऱ्यासाठी मात्र ते सुमारे ६ मिलिमीटर पुढे यावे लागते. म्हणजे दूरच्या देखाव्यात चूक होण्यास जागाच नाही आणि जवळच्या चेहऱ्यात ती होण्यास पुरेपूर जागा आहे. पहिल्या रोलमधील अस्पष्ट चित्रे जवळजवळ सर्वच जवळून घेतलेली का असतात, याचे उत्तर या तीन आकड्यांत आहे.

आता शटर. भिंगाच्या पोटात पोलादी पाकळ्या असतात; त्या ठरलेल्या वेळापुरत्या उघडून मिटतात. उत्तरकालीन रोलेकॉर्डवर १ सेकंदापासून १/२, १/४, १/८, १/१५, १/३०, १/६०, १/१२५, १/२५० असे करीत १/५०० सेकंदापर्यंतचे वेग कोरलेले असतात. जुन्या कॅमेऱ्यांवर १/२५, १/५०, १/१०० अशी निराळी मालिका आढळते. त्याने बिचकून जाऊ नये. हे वेग घड्याळासारख्या दातेरी चाकांच्या साखळीने राखले जातात, आणि तेथील तेल वर्षानुवर्षे पडून राहिले की डिंकासारखे चिकट होते. १ सेकंदावर लावलेले शटर दोन-तीन सेकंद उघडे राहते, क्वचित मिटतच नाही. अशा वेळी आपल्या हाताने तेल सोडणे हा सर्वांत वाईट उपाय. ते पाकळ्यांवर पसरते आणि आजार दुप्पट होतो. जोरही करू नये. अनेक कॉम्पर शटरांत १/५०० साठी एक जादा स्प्रिंग असते. तो वेग शटर ताणण्यापूर्वीच लावावयाचा असतो. ताणल्यानंतर कडे फिरत नसेल, तर ते बिघडलेले नसून नकार देत आहे असे समजावे.

शटर खरे बोलते की खोटे हे तपासण्यास खिशातला फोन उत्तम कामी येतो. अनेक फोन संथगतीचे चलच्चित्र घेताना सेकंदास २४० चौकटी टिपतात. कॅमेऱ्याची पाठ उघडी ठेवावी, पुढून उजेड येऊ द्यावा आणि मागून पाकळ्यांचे असे चित्रण करावे. १/३० सेकंदास ८ चौकटींत उजेड दिसावयास हवा, १/६० स ४ चौकटींत. ८ ऐवजी १२ चौकटी मोजल्या गेल्या, तर ते शटर प्रत्यक्षात १/२० सेकंद उघडे राहते. यात निराश होण्यासारखे काही नाही. खरा वेग ठाऊक झाला म्हणजे काम भागते. १/५०० मात्र या पद्धतीने मोजता येत नाही. तो दोन चौकटींच्या मध्येच उरकून जातो.

प्रकाशाचे माप

येथपर्यंतची कामे चिकाटीची आहेत, कठीण नाहीत. कठीण आहे ते प्रकाशाचे माप घेणे, आणि जुन्या कॅमेऱ्याचे सर्व शिक्षण याच एका गोष्टीभोवती फिरते.

अडचणीचे मूळ मानवी डोळ्यात आहे. भर उन्हातील अंगणात सुमारे १,००,००० लक्स इतका प्रकाश असतो. दिवा लावलेल्या बैठकीच्या खोलीत सुमारे १००. म्हणजे अंगणातून खोलीत येणारा मनुष्य हजारपट अंधारात शिरतो. त्याच्या बाहुल्या विस्फारतात, डोळ्यातील पडदा आपली संवेदनक्षमता वाढवितो आणि मिनिटभरात त्यास सर्व काही ठीक दिसू लागते. फिल्मला ही सोय नाही. तिला हजारावा हिस्सा मिळाला तर तो हजारावाच मिळतो. डोळा हा उत्तम नोकर असला तरी मापाच्या कामी तो साफ अविश्वसनीय आहे. अनुभवी छायाचित्रकार डोळ्यावर विसंबत नसत, तर ऊन कसे आहे, सावलीची कड धारदार आहे की पुसट, वेळ कोणती, यांवरून हिशेब करीत.

त्यांचा मूळ नियम एका वाक्यात सांगता येतो. स्वच्छ उन्हात छिद्र एफ १६ वर ठेवावे आणि शटरचा वेग फिल्मच्या अंकाइतका ठेवावा; अंक १०० असेल तर १/१०० सेकंद, म्हणजे कॅमेऱ्यावरील १/१२५. एफ १६ याचा अर्थ छिद्राचा व्यास नाभीय अंतराच्या सोळाव्या हिश्शाइतका. ७५ मिलिमीटरच्या भिंगात तो सुमारे ४.७ मिलिमीटर भरतो, तर पूर्ण उघडलेल्या एफ ३.५ ला २१ मिलिमीटरहून थोडा अधिक. आकडा लहान तितके छिद्र मोठे, हे प्रथम उलटे वाटते. पण भागाकार लक्षात घेतला की कोडे उरत नाही. १६, ११, ८, ५.६, ४ असा एकेक टप्पा खाली आले की दर खेपेस प्रकाश दुप्पट होतो. विरळ ढग असतील तर एफ ११, आभाळ भरलेले असेल तर एफ ८, गर्द ढगांत किंवा उघड्या सावलीत एफ ५.६. मद्रासच्या किंवा जुहूच्या वाळूवर, जेथे खालूनही प्रकाश उसळतो, तेथे एफ २२. एवढे पाठ असणारा मनुष्य कोणत्याही मापकावाचून दिवसभर काम करू शकतो.

खोलीतील हिशेबही याच शिडीने उतरत जाऊन होतो. हजारपट म्हणजे दहा टप्पे. एफ १६ वरून एफ ३.५ वर आले की साडेचारच्या आसपास टप्पे मिळतात. उरलेले वेळ वाढवून भरून काढावे लागतात, आणि उत्तर सुमारे १/३ सेकंद येते. इतका वेळ कॅमेरा हातात स्थिर राहत नाही. जुन्या घरगुती छायाचित्रांतील माणसे घरात न बसता अंगणात, ओसरीवर किंवा गच्चीवर का दिसतात, याचे एक कारण संकोच किंवा रीतिरिवाज नसून हा १/३ सेकंद आहे.

फिल्मच्या अंकाविषयी एक सूचना आवश्यक आहे. वडिलांची जुनी वही सापडली आणि तीत आजच्या मानाने निम्मा वाटणारा अंक आढळला, तर ते चुकले होते असा निष्कर्ष काढू नये. १९६० साली अमेरिकन मानक बदलले आणि त्यातील सुरक्षिततेसाठी राखलेला गुणक कमी करण्यात आला. फिल्म त्याच राहिल्या. त्यांच्या खोक्यांवरील अंक मात्र जवळजवळ दुप्पट झाले. तसेच जर्मन पद्धतीचे २१ म्हणजे अमेरिकन पद्धतीचे १००, आणि दर ३ अंशांनी संवेदनक्षमता दुप्पट, असे समीकरण जुळवून घ्यावे.

प्रकाश मोजण्याची सोय फोनमध्येही असते. तिचा उपयोग करण्यास हरकत नाही, मात्र आधी स्वतः अंदाज करून कागदावर लिहावा आणि नंतर फोनला विचारावे. उलट क्रमाने केल्यास काही शिकणे होत नाही. शिवाय समोरून परतणारा प्रकाश मोजणारे साधे मापक पांढऱ्या साडीने फसते. ते समोरचे सारे मध्यम करड्या रंगाचे आहे असे गृहीत धरते, म्हणून साडीचा उजळपणा पाहून छिद्र लहान करावयास सांगते आणि चेहरा काळवंडतो. उन्हाचा नियम साडीकडे पाहतच नाही, तो सूर्याकडे पाहतो.

भारतीय दुपारचे ऊन या नियमास एका बाबतीत अडचणीत आणते. सूर्य माथ्यावर असता कपाळ उजळते आणि डोळ्यांच्या खोबणी काळ्याभोर होतात. माप बरोबर असते, चेहरा मात्र ओळखू येत नाही. अशा वेळी माणसास सरळ ओसरीच्या सावलीत आणून तीन टप्पे छिद्र उघडावे.

पहिला रोल

रोलेकॉर्डला लागणारी १२० क्रमांकाची फिल्म कोडक कंपनीने १९०१ साली आणली आणि ती आजही बनते, ही वारसदाराच्या भाग्याची गोष्ट म्हटली पाहिजे. ज्यांच्या वडिलांचा कॅमेरा ६२० क्रमांकाचा असेल त्यांस तीच फिल्म अंधारात बारीक रिळावर गुंडाळून घ्यावी लागते. उदकमंडलम येथे १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याच्या इंदू फिल्म एके काळी देशभर मिळत. तो कारखाना आता बंद आहे, तेव्हा आयात फिल्मवाचून गत्यंतर नाही, आणि ती स्वस्त नाही. एका रोलवर चौरस आकाराची बारा चित्रे येतात.

बारा हा आकडा शिक्षकाचे काम करतो. प्रत्येक चित्रामागे छिद्र, वेग, अंतर आणि उन्हाची स्थिती वहीत लिहावी. पहिला रोल सुंदर चित्रांसाठी खर्चू नये. एकाच ओसरीवर एकाच माणसास बसवून एफ ३.५ आणि एफ १६ अशी दोन चित्रे घेतली, तर छिद्राचा दुसरा गुण लक्षात येतो. माणूस २ मीटरवर असता एफ ३.५ मध्ये अवघ्या २५ सेंटिमीटरांचा पट्टा स्पष्ट येतो. त्याची मागची भिंत विरघळून जाते. उलट एफ १६ वर, ७ मीटरांवर अंतर लावले असता, साडेतीन मीटरांपासून क्षितिजापर्यंत सारे स्पष्ट होते.

रोल बाहेर धुवावयास देता येईल, पण ज्याच्या शीतकपाटात वडिलांचा रोल वाट पाहत आहे त्याने हे काम स्वतः शिकून घेणे बरे. कृष्णधवल रोल धुण्यास एक डबा, थर्मामीटर, डेव्हलपर आणि हायपो एवढे पुरते. फिल्म अंधारात डब्याच्या रिळावर चढविली की पुढचे काम उजेडात होते. चढविणे हेच नवशिक्याचे संकट. वाया गेलेल्या एका रोलवर डोळे मिटून वीस वेळा सराव करावा. तापमान २० अंश राखावे असे पुस्तके सांगतात, आणि आपल्या नळाचे पाणी मे महिन्यात ३० अंशांस पोहोचते. बर्फाच्या पाण्यात बाटल्या बुडवून ते उतरविता येते. ते न जमल्यास वेळ कमी करावा. २० अंशांस १० मिनिटे लागणारे काम २४ अंशांस सुमारे ७ मिनिटांत उरकते. मात्र सर्व द्रावणे आणि धुण्याचे पाणी सारख्याच उष्णतेचे हवे, नाही तर फुगलेल्या जिलेटिनला सुरकुत्या पडतात. हायपो उरलेले सिल्व्हर ब्रोमाइड विरघळवून टाकतो. त्याचा हा गुण जॉन हर्शेल यांनी १८१९ साली, म्हणजे छायाचित्रणाची कला जाहीर होण्याच्या वीस वर्षे आधी, शोधून ठेवला होता.

आपले तीन-चार रोल नीट उतरले की वडिलांच्या रोलला हात घालावा. कृष्णधवल असेल तर काळेपणा रोखण्यासाठी डेव्हलपरमध्ये थोडे पोटॅशियम ब्रोमाइड किंवा बेन्झोट्रायाझोल घालतात. रंगीत आणि फार जुना असेल तर रंगांची आशा धरू नये. १९७० च्या दशकापूर्वीची रंगीत फिल्म २४ अंशांच्या द्रावणांसाठी बनविलेली होती. आजच्या ३८ अंशांच्या द्रावणात तिचा थर सुटून येतो. ती कृष्णधवल म्हणूनच धुवावी. रंग जातील, माणसे राहतील. एकच रोल, एकच संधी आहे, आणि हात कापू लागले तर ते काम दुसऱ्या दिवसावर टाकण्यात कमीपणा नाही.

निगेटिव्हचे वाचन

कॅमेऱ्याबरोबर बहुधा जुन्या निगेटिव्हची पाकिटेही येतात. ज्याने वरील हिशेब एकदा स्वतः केले आहेत त्यास ती वाचता येतात. सावलीच्या जागी फिल्म अगदी कोरी असेल तर त्या दिवशी प्रकाश कमी पडला होता. चेहऱ्यामागचे झाड विरघळलेले असेल तर छिद्र मोठे होते. पाच मीटरवरून आडवा चालत गेलेला मनुष्य सेकंदास दीड मीटर या गतीने चालत होता असे धरा. १/३० सेकंदात तो ५ सेंटिमीटर सरकतो, आणि निगेटिव्हवर त्याची कड पाऊण मिलिमीटर पुसट होते. १/२५० सेकंदास हीच पुसटी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाहून कमी भरते. फूटपट्टी आणि भिंग घेऊन बसले तर वडिलांनी कोणता वेग लावला होता हे पुष्कळदा निघते, वही सापडो वा न सापडो.

चित्र घेणारा स्वतः बहुधा कोणत्याही चित्रात नसतो. परंतु कॅमेरा समपातळीत धरलेला असता आणि जमीन सपाट असता, क्षितिजाची रेषा प्रत्येक उभ्या माणसास भिंगाच्या उंचीवरच छेदते, मग तो माणूस जवळ असो की दूर. समुद्रकिनाऱ्यावरील चित्रात ही रेषा स्पष्ट दिसते. सव्वा मीटर उंचीच्या मुलाच्या डोळ्यांवरून ती गेली असेल, तर भिंग सुमारे १ मीटर १५ सेंटिमीटरांवर होते. म्हणजे कॅमेरा गळ्यातल्या पट्ट्याने पोटाशी टेकवून, मान खाली घालून, वडील तेथे उभे होते.